कामाच्या ठिकाणी घडीची शिडी : किती उंच, कोणत्या पायरीपर्यंत आणि कोणाच्या जबाबदारीवर?

तुर्भे_स्टोअर्स

महापे येथील आमच्या युनिटमध्ये खाली गोदाम व पॅकिंग विभाग आणि वरच्या मजल्यावर कार्यालय आहे. घडीच्या शिडीच्या वापराबाबत एक पानी नियमावली तयार करण्याचे काम सुरक्षा समितीने माझ्याकडे सोपवले आहे. ट्यूबलाइट बदलणे, एसीच्या जाळ्या काढून धुणे, कॅमेऱ्यांच्या तारा ओढणे आणि रॅकच्या सर्वांत वरच्या कप्प्यातील खोकी उतरवणे या कामांना शिडी लागते, आणि या सगळ्यांसाठी मिळून आमच्याकडे ॲल्युमिनियमचे सहा फुटी दोन घोडे, म्हणजे घडीच्या शिड्या, आहेत. कार्यालयातील फॉल्स सीलिंग जमिनीपासून सुमारे पावणेतीन मीटरवर आहे, तर गोदामातील दिवे पावणेचार मीटरवर आहेत. गोदामात घोडा पुरत नाही, म्हणून माणसे थेट त्याच्या माथ्यावर उभी राहतात किंवा घोडा मिटवून भिंतीला टेकवतात, आणि नियमावलीची गरज मुख्यतः त्यामुळेच निर्माण झाली आहे.

समितीच्या बैठकीत "खाली एक माणूस शिडी धरून उभा असावा आणि वरच्याने सेफ्टी बेल्ट लावावा, एवढे लिहिले की झाले" असा बहुतेकांचा सूर होता. मला हे अपुरे वाटते, परंतु का अपुरे आहे ते नेमके मांडता येत नाही. ज्यांनी प्रत्यक्ष असे काम केले किंवा करवून घेतले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

रबाळे_निवृत्त

ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांत सुरक्षा विभागात नोकरी झाली असल्याने थोडे विस्ताराने लिहितो.

बेल्टचा मुद्दा आधी निकालात काढू. बेल्टची दोरी कशाला अडकवणार? घोड्यालाच अडकवली, तर पडणारा माणूस घोड्यासकट पडेल. छताच्या एखाद्या भक्कम तुळईला अडकवली, तरी नेहमीच्या दोरीची लांबी सुमारे १.८ मीटर असते आणि झटका शोषणारी पट्टी उलगडली की ती आणखी लांबते. दीड मीटरवरून पडणारा माणूस दोरी ताणली जाण्याआधीच जमिनीवर पोचलेला असेल. बेल्ट ही उंच परांचीवरची आणि छतावरची गोष्ट आहे. घोड्यावर तो बहुधा छायाचित्रापुरता असतो.

आता उंची. आपल्या प्रश्नाचे मूळ मला इथे दिसते, म्हणून हिशेब मांडतो. साधारण १६५ सेंटिमीटर उंचीच्या माणसाचा हात, टाचा न उचलता, जमिनीपासून दोन मीटरच्या आसपास पोचतो. सहा फुटी घोड्याच्या पायऱ्यांमधील अंतर २८ सेंटिमीटर धरले, तर सहावी पायरी, म्हणजे माथा, १.६८ मीटरवर येतो. कठडा नसलेल्या घोड्याच्या वरच्या दोन पायऱ्या उभे राहण्यासाठी नसतात, कारण तिथे उभे राहिल्यावर गुडघ्यांना टेकायला काही उरत नाही आणि शरीराचा सगळा भार घोड्याच्या वर मोकळा राहतो. दोन्ही बाजूंनी चढता येईल अशा घोड्याच्या वरच्या तीन पायऱ्या सोडाव्यात, असे ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा कार्यकारी संस्थेचे, म्हणजे एचएसईचे, मार्गदर्शन आहे. आपला घोडा एकाच बाजूने चढायचा आहे असे गृहीत धरले, तर शेवटची उभे राहण्याजोगी पायरी चौथी, म्हणजे १.१२ मीटरवरची. त्यात हाताचे दोन मीटर मिळवले की ३.१ मीटर होतात.

याचा अर्थ असा की, पावणेतीन मीटरवरच्या कार्यालयीन छतासाठी आपला घोडा योग्य आहे, आणि पावणेचार मीटरवरच्या दिव्यांसाठी तो कोणत्याही नियमाने योग्य होऊ शकत नाही. माथ्यावर उभे राहिले की १.६८ अधिक दोन, म्हणजे जवळजवळ पावणेचार मीटर भरतात. आपली माणसे माथ्यावर का चढतात याचे उत्तर याच बेरजेत आहे. ती बेफिकीर आहेत म्हणून चढत नाहीत. दिवा बदलायचा आहे आणि हाती दिलेले साधन तेवढ्यानेच कमी पडते, म्हणून चढतात. अशा ठिकाणी "माथ्यावर उभे राहू नये" असा फलक लावणे म्हणजे "दिवा बदलू नये" असे लिहिण्यासारखे आहे. गोदामासाठी कठडा आणि उभे राहायला फळी असलेली, चाकांना कुलूप बसणारी शिडी घ्यावी किंवा चाकांची छोटी परांची भाड्याने आणावी.

वेळ आणि वजन यांचाही एक मापदंड आहे. एकाच जागी सुमारे अर्ध्या तासापर्यंतचे हलके काम आणि हातात दहा किलोपर्यंतचे सामान, एवढ्यासाठीच शिडी योग्य समजावी, असे एचएसई सांगते. तासभर चालणारे रंगकाम किंवा डक्टचे काम घोड्यावरून करू नये. पाय आखडतात, आणि आखडलेल्या पायाने उतरताना पायरी चुकते.

फेज_न्यूट्रल

मी घणसोलीत राहतो आणि कंपन्यांची विजेची कामे घेतो. वरील हिशेब मी माझ्या मुलांना, म्हणजे हाताखालच्या वायरमनना, वाचून दाखवणार आहे.

विजेच्या बाजूने लिहितो. ॲल्युमिनियमचा घोडा हलका, स्वस्त आणि न गंजणारा असल्यामुळे सगळीकडे दिसतो, पण त्यातून वीज वाहते. दिव्याच्या, पंख्याच्या किंवा पॅनेलच्या कामासाठी फायबरग्लासचाच घोडा वापरावा. तो जड आणि महाग असतो, हे मान्य आहे. त्यावर ओल, ग्रीस किंवा धातूचा कीस साचलेला असेल, तर त्याचाही भरवसा राहत नाही. तो पुसून कोरडा ठेवावा लागतो. लाकडी घोडा पूर्ण कोरडा असेल तर बरा, पण आपल्याकडे जून ते सप्टेंबर कोरडे लाकूड कुठून आणणार?

उंचीवर विजेचा धक्का प्राणघातकच असायला हवा असे नाही. जमिनीवर उभे असताना ज्या धक्क्याने माणूस हात झटकून दोन शिव्या देतो, त्याच धक्क्याने घोड्यावरचा माणूस मागे फेकला जातो. म्हणून भिंतीवरचे बटण बंद केले एवढ्यावर समाधान न मानता त्या सर्किटची एमसीबी, म्हणजे पॅनेलमधली वीज तोडणारी कळ, पाडावी, तिला कुलूप किंवा निदान चिठ्ठी लावावी आणि वर चढून टेस्टरने पुन्हा तपासावे. जुन्या इमारतींमध्ये बटण न्यूट्रलवर घातलेले मी पाहिले आहे. तिथे दिवा विझतो आणि होल्डरमध्ये वीज तशीच राहते.

दुसरी गोष्ट ड्रिलची. घोडा पुढे-मागे पसरलेला असतो, त्यामुळे त्या दिशेने तो बराच जोर सहन करतो. आडव्या दिशेने त्याचा पाया अरुंद असतो. भिंतीला समांतर घोडा लावून बाजूला वळून काँक्रीटमध्ये भोक पाडायला घेतले, की जितक्या जोराने ड्रिल दाबावे तितक्याच जोराने भिंत आपल्याला आणि घोड्याला उलट ढकलते, आणि तीही नेमकी अरुंद बाजूकडे. बिट अडकून एकदम सुटली, तर उरलेला तोलही जातो. घोडा नेहमी कामाकडे तोंड करून लावावा, म्हणजे ढकलण्याचा जोर लांब बाजूने जातो. जागा नसल्यामुळे हे जमत नसेल, तर ते काम घोड्याचे नाही असे समजावे.

बाजूला झुकण्याची मर्यादा आम्ही पट्ट्याच्या बकलावरून सांगतो: बकल दोन उभ्या दांड्यांच्या बाहेर जाता कामा नये. हात पोचत नसेल तर खाली उतरावे, घोडा सरकवावा आणि पुन्हा चढावे. वर उभे राहून उड्या मारत घोडा सरकवणारे कारागीर तुम्ही सर्वांनी पाहिले असतील. त्यांच्या कौशल्याविषयी मला आदर आहे, पण माझ्या कामावर मी ते चालू देत नाही.

वागळे_२२

वागळे इस्टेटमध्ये माझे छोटे वर्कशॉप आहे, एकूण नऊ माणसे. वरच्या सूचना मोठ्या कंपन्यांना शोभतात. आमच्याकडे फायबरग्लासचा एक, फळीचा एक आणि चाकांची परांची असे सगळे घेऊन ठेवायला ना पैसा आहे ना जागा. खाली एक माणूस घोडा धरून उभा राहतो आणि वरचा काम उरकतो, अशीच पद्धत आमच्याकडे पहिल्यापासून आहे. ही पद्धत एकदम निरुपयोगी कशी ठरवता?

रबाळे_निवृत्त

आपली अडचण खरी आहे, आणि धरणारा माणूस निरुपयोगी आहे असे माझे म्हणणे नाही. तो कशाला उपयोगी आहे हे पाहावे, एवढेच म्हणणे आहे. खाली धरणारा घोडा धरतो. वरच्या माणसाला तो धरत नाही. पाय पायरीवरून घसरला, पायरीचे रिवेट तुटले किंवा वरच्याला भोवळ आली, तर घोडा जागेवर उभा राहील आणि माणूस मात्र खाली येईल. दोन मीटरवरून पडायला सेकंदाच्या दोन तृतीयांशापेक्षाही कमी वेळ लागतो, आणि जमिनीवर आदळताना वेग ताशी २२ किलोमीटरच्या घरात असतो. तेवढ्यात खालचा माणूस मान वर करू शकला तरी पुष्कळ. शिवाय सुटलेला पाना किंवा ड्रिल पहिल्यांदा त्याच्याच डोक्यावर येते, कारण तो बरोबर त्याच रेषेत उभा असतो.

त्या माणसाला दोन पावले दूर उभे करून वेगळे काम द्यावे. दार उघडून कोणी घोड्याला धडकणार नाही, हातगाडी किंवा फोर्कलिफ्ट त्या वाटेने येणार नाही, आणि वरच्याला लागणारे हत्यार खालून देता येईल, हे त्याने पाहावे. हत्यारे खालून मिळाली म्हणजे वरच्याचा एक हात मोकळा राहतो, आणि चढता-उतरताना दोन पाय व एक हात किंवा दोन हात व एक पाय सतत टेकलेले ठेवणे त्याला शक्य होते. हे करायला एक पैसाही लागत नाही.

खर्चाबाबत सांगायचे, तर सगळे विकत घेण्याची आवश्यकता नाही. आपल्या छताची उंची मोजावी, त्यातून दोन मीटर वजा करावेत, आणि उरलेल्या उंचीवर ज्याची उभे राहण्याजोगी पायरी येते तो एकच घोडा घ्यावा. विजेचे कामही त्यावरूनच होणार असेल, तर तो फायबरग्लासचा घ्यावा. वर्षातून दोनदा लागणारी मोठी उंची भाड्याने भागवता येते.

ठाणे_अभिलेखागार

कारखान्यांबरोबर कार्यालयांचाही विचार व्हावा, म्हणून लिहिते. ठाण्यातील एका कार्यालयाच्या अभिलेख कक्षात मी काम करते. आमच्याकडे कोणी शिडी वापरतच नाही आणि तीच अडचण आहे. शिडी तळमजल्यावर, किल्ली शिपायाकडे, आणि शिपाई साहेबांबरोबर बाहेर. मग चाकांची खुर्ची ओढली जाते किंवा रॅकच्या खालच्या कप्प्यावर पाय देऊन वरची फाइल काढली जाते. साडीचा काठ किंवा ओढणी अडकणे, सपाट पण गुळगुळीत तळाची चप्पल घसरणे, हे प्रकार चढताना कमी आणि उतरताना अधिक होतात, कारण उतरताना दोन्ही हातांत गठ्ठा असतो आणि पुढची पायरी दिसत नाही.

आम्ही कक्षातच दोन पायऱ्यांची, हाताला धरायला दांडा असलेली छोटी शिडी मागवून घेतली आणि ती कुलुपात न ठेवता रॅकच्या टोकाला उभी केली. जास्त मागणीच्या फाइली खांद्याच्या उंचीपर्यंत आणल्या आणि वर्षानुवर्षे कोणी न मागितलेल्या वर पाठवल्या. त्यानंतर वर चढण्याचे प्रसंगच कमी झाले. नियमावली लिहिणाऱ्यांनी शिडी कुठे ठेवायची आणि किल्ली कोणाकडे असायची, हे जरूर लिहावे. तिथे चूक झाली तर बाकीचे पान वाचायला कोणी थांबत नाही.

सुतारकाम_कोपरी

तपासणीबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून थोडे. खाडीकाठच्या खाऱ्या हवेत ॲल्युमिनियमचे दांडे टिकतात, पण लोखंडी रिवेट, बिजागरी आणि दोन्ही बाजू जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या गंजतात. घोडा उघडल्यावर त्या पट्ट्या पूर्ण सरळ होऊन बसल्या पाहिजेत. पट्टी तुटली म्हणून सुतळी बांधलेला घोडा दिसला, तर तो भंगारात काढावा. दुरुस्त करून परत वापरात आणण्याच्या भानगडीत पडू नये. पायांचे रबरी बूट झिजून आतला धातू फरशीला लागू लागला, की गुळगुळीत फरशीवर घोडा बर्फावर ठेवल्यासारखा सरकतो. बूट बदलून मिळतात.

लाकडी घोड्याला ऑइल पेंट देऊ नये, कारण रंगाखाली तडा दिसत नाही. पारदर्शक वॉर्निश चालते. पेंटर लोकांच्या घोड्यांवर रंगाचे इतके थर बसलेले असतात की लाकूड कोणते आणि रंग कोणता हे कळत नाही. असा घोडा कंपनीत आणू देण्यापूर्वी पायऱ्या खरवडून पाहाव्यात. आणि त्यावर वीस लिटरची भरलेली बादली टांगू देऊ नये, तिचे वजन पंचवीस किलोच्या वर जाते.

फेज_न्यूट्रल

वजनाचा विषय निघाला म्हणून भर घालतो. घोडा घेताना त्यावर किती किलोचा भार लिहिला आहे ते पाहावे. युरोपच्या ईएन १३१ मानकानुसार बनलेल्या घोड्यावर १५० किलोची मर्यादा असते. ही मर्यादा माणूस, कपडे, बूट, हत्यारे आणि सामान या सर्वांची मिळून असते. केवळ माणसाच्या वजनाची नसते. आपल्याकडे शिड्यांसाठी आयएस ३६९६ या भारतीय मानकाचा दुसरा भाग आहे. बाजारात कोणतेही चिन्ह नसलेले घोडे भरपूर मिळतात. त्यांच्या पायऱ्यांचा पत्रा दाबून पाहिला तरी फरक कळतो.

पाम_बीच_वकील

शीर्षकात जबाबदारीचा प्रश्न आहे, त्याविषयी थोडक्यात लिहितो. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ३२ मध्ये, जिथून माणूस पडण्याची शक्यता आहे अशा उंचीवर काम करावे लागत असेल, तर शक्य तितपत कठडा घालून किंवा अन्य प्रकारे त्याच्या सुरक्षिततेची सोय करण्याचे बंधन घातलेले होते. त्या तरतुदीत उंचीचा आकडा नव्हता, त्यामुळे "आमचा घोडा सहा फुटीच आहे" हा बचाव होत नसे. कामाची जागा धोकामुक्त ठेवण्याची मालकाची मूळ जबाबदारी आता त्या अधिनियमाची जागा घेतलेल्या २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही आहे. ठेकेदाराचा माणूस पडला म्हणून ती ठेकेदाराकडे ढकलून मोकळे होता येत नाही. अपघातामुळे कामगार ४८ तास किंवा अधिक काळ कामावर येऊ शकला नाही, तर त्याची सूचना द्यावी लागते, हेही नियमावलीत असावे.

ईएसआयची, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेची, पगारमर्यादा २१,००० रुपये आहे. ठेकेदाराकडील कामगारांची त्या योजनेत नोंदणी खरोखर झाली आहे का, हे अपघातानंतर तपासण्यापेक्षा काम देतानाच तपासावे.

वाशी_परिचारिका

पडल्यानंतर काय करावे, याची एक ओळ तरी लिहा. धावत जाऊन माणसाला उठवून बसवणे आणि पाणी पाजणे, ही आपली पहिली प्रतिक्रिया असते आणि ती टाळावी. मान किंवा पाठ दुखत असेल, हातापायांना मुंग्या येत असतील किंवा शुद्ध हरपली असेल, तर त्याला आहे तसाच ठेवावा, डोके हलू न देता धरावे आणि १०८ ला कळवावे. विजेचे काम चालू असताना पडला असेल, तर हात लावण्यापूर्वी वीज बंद झाल्याची खात्री करावी. श्वास थांबलेला असेल तर अर्थातच छातीवर दाब देण्यास सुरुवात करावी, तेव्हा पाठीचा विचार मागे पडतो. डोक्याला मार लागून माणूस चालता-बोलता असला, तरी पुढच्या काही तासांत उलटी, गुंगी किंवा असंबद्ध बोलणे आढळल्यास तातडीने रुग्णालयात न्यावे. त्याला एकट्याला लोकलने घरी पाठवू नये.

ऐरोली_सेक्टर

गणपतीची सजावट आणि खंडेनवमीचे तोरण हीसुद्धा कामाच्या जागची कामे समजावीत. त्या दिवशी शिडीवर चढणारा कर्मचारी लेखा विभागातला असतो, नवे कपडे घातलेला आणि अनवाणी. एरवी घोड्याला हात न लावणारी माणसे तेव्हाच चढतात.

तुर्भे_स्टोअर्स

सर्वांचे आभार. खंडेनवमीचा मुद्दा समितीत कोणाच्याही डोक्यात आला नव्हता. तोरण यंदा देखभाल विभागाकडे देत आहोत.

मसुदा आता असा आकार घेतो आहे. सहा फुटी घोडे फक्त वरच्या मजल्यावर वापरले जातील आणि चौथ्या पायरीवर लाल पट्टा रंगवून त्याच्या वरच्या पायऱ्यांवर उभे राहण्यास मनाई असेल. गोदामातील दिव्यांसाठी कठड्याची व चाकांची शिडी मागवण्याचा प्रस्ताव खर्चासह वर पाठवला आहे. ती येईपर्यंत विझलेले दिवे साठवून एकाच दिवशी भाड्याच्या परांचीवरून बदलले जातील. विजेच्या कामासाठी फायबरग्लासचा एक घोडा घेतला जाईल, आणि ॲल्युमिनियमच्या दोन्हींवर "विजेच्या कामास वापरू नये" असे मराठी व हिंदीत लिहिले जाईल. धरणाऱ्या माणसाच्या जागी वाट अडवणारा आणि हत्यारे देणारा मदतनीस असेल. शिडी कुलुपात राहणार नाही. दर महिन्याला देखभाल विभागाचा एक जण ती उघडून पाहील आणि दांड्यावरच्या चिठ्ठीवर तारीख लिहील.

रॅकच्या वरच्या कप्प्याचे मात्र अजून ठरत नाही. तिथली काही खोकी पंधरा किलोंची आहेत, म्हणजे शिडीवरून उतरवण्याच्या पलीकडची, आणि ती खाली आणायला जागा नाही असे विक्री विभाग म्हणतो. शिवाय ठेकेदार स्वतःचे घोडे घेऊन येतात, त्यांचे काय करावे?

रबाळे_निवृत्त

पंधरा किलोंची खोकी खाली आणि रिकामे पुठ्ठे वर, अशी अदलाबदल करून पाहावी. पॅकिंगच्या युनिटमध्ये वर ठेवण्यासारखे हलके सामान निघणार नाही, हे मला पटत नाही. तेही न जमल्यास त्या कप्प्यासाठी फोर्कलिफ्ट किंवा स्टॅकर वापरावा.

ठेकेदाराचा घोडा प्रवेशद्वारावरच उघडून पाहावा. पट्ट्या, पायऱ्या आणि रबर ठीक असेल तर त्या दिवसापुरती चिठ्ठी बांधून आत सोडावा, नसेल तर बाहेर ठेवून आपला द्यावा. सुरक्षारक्षकाला हे अर्ध्या तासात शिकवता येते. प्रशिक्षणासाठी बाहेरची मदत हवी असल्यास राष्ट्रीय सुरक्षा परिषदेचे मुख्यालय सीबीडी बेलापूरलाच आहे, तिथे चौकशी करावी. आणि ठेकेदाराला देण्याच्या कामाच्या आदेशातच छताची उंची लिहावी, म्हणजे तो पुरेसा घोडा घेऊन येईल आणि पुरला नाही ही सबब दुपारी तीन वाजता ऐकावी लागणार नाही.